दाजींचे एकतीस पोचे

त्या सकाळी दिगंबर वडके याने आठ पोचे काढले, चिंचेच्या पाण्यात धुतले आणि ओट्यावर फडकं पसरून वाळत घातले. ऊन चांगलं होतं. ओले पोचे एकमेकांना चिकटतात आणि मग कुठला कुणाचा ते कळत नाही, म्हणून त्याने मध्ये दोन-दोन बोटं अंतर ठेवलं होतं.

भांड्यातला पोचा काढला की भांडं सरळ होतं, एवढं सगळ्यांना दिसतं. पोचा कुठे जातो हे मात्र कोणी विचारत नाही. लोकांना आपलं भांडं घेऊन घरी जायची घाई असते. पोचा कुठेही जात नाही. तो काढणाऱ्याच्या तळहातावर येऊन बसतो, लिंबाच्या सालीएवढा जाड, गार, आणि जेवढ्या जोराने पडला असेल तेवढा जड. उजेडात धरला तर त्याच्यातून पलीकडचं सगळं जरा वाकडं दिसतं. नाशकात तांबटाचं काम करणाऱ्या वडक्यांच्या घरात चार पिढ्यांची रीत अशी की, पोचे वर्षभर झाकणाच्या पितळी डब्यात साठवायचे आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की गंगेत सोडून यायचे. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेला पोचे चालतात. घरात ते ठेवायचे नाहीत, कारण पोच्याला जागा लागते, आणि दिली नाही तर तो आपली आपण शोधतो. दिगंबरच्या वडिलांनी एका वर्षी दोन दिवस आळस केला, तर समोरच्या गवळ्याच्या म्हशीच्या पाठीला हा एवढा खळगा पडला. म्हशीला काही झालं नाही. पावसाळ्यात त्यात पाणी साठायचं आणि कावळे येऊन प्यायचे.

हंडे-कळशा आता कोण वापरतो? गेली काही वर्षं दिगंबरकडे बियरचे जुने डबे यायचे. पुण्या-मुंबईचे, गोव्याचे शौकीन लोक रिकामे डबे कपाटात मांडून ठेवतात आणि त्यांच्याकडे बघत बसतात. प्यायचं सोडून डबा जपणारा माणूस दिगंबरला कधी कळला नाही. पण गिऱ्हाईक कळायची गरज नसते, काम कळलं की पुरे.

काम नाजूक होतं. बाहेरचं चित्र खरवडलं की डबा मेला. वरच्या जिभेएवढ्या भोकातून वाकडी सळई आत घालायची, तिच्या टोकाला बोराएवढं गुळगुळीत बोंड. आधी डब्यात कोमट पाणी फिरवून पत्रा सैल करायचा, मग आतून पोच्याच्या कडेकडेने दाबत, घाई न करता, मध्यावर यायचं. आधीच मध्यावर गेलं की पत्रा टक्कन उलटतो आणि त्याला सुरकुती पडते. सुरकुती ब्रह्मदेवालाही काढता येत नाही.

आता फडक्यावर वाळत होते ते आठही पोचे दाजींच्या डब्यांतले होते. दाजी म्हणजे मुरलीधर कर्डे, दिगंबरच्या थोरल्या बहिणीचा, माणिकअक्काचा नवरा. देवळाली कॅम्पातल्या एका क्लबात त्यांनी जन्मभर स्टोअरकीपरी केली आणि साहेब लोकांनी टाकलेले परदेशी डबे घरी आणून आणून दोनशे चौदा जमवले. अक्का नऊ वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन दिगंबरकडे आली ती परत गेली नाही. का आली ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. तेवढ्या वर्षांत दाजींनी एक पोस्टकार्ड टाकलं नव्हतं. आणि परवा रिक्षातून दोन खोकी घेऊन उतरले ते असे, की जणू मागच्या आठवड्यातच जेवून गेले होते. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हे तर खग्रास ग्रहण होतं.

"दसऱ्याला मडगावहून म्हांबरे येणार आहेत," दाजी म्हणाले. "आमच्या डबेसंग्राहकांच्या संघटनेचे सेक्रेटरी. ज्याच्या संग्रहात एकही पोचा नाही त्याला ते दाखला देतात. आजवर कोणाला मिळालेला नाही. माझे तीसच वाकलेत. सरळ करून दे."

"कशाने वाकले?"

"घर आहे, दिगंबर. घरात वस्तू पडतात."

अक्का स्वयंपाकघरात होती. तिने चहा केला, कप उंबऱ्यावर ठेवला आणि बाहेर आली नाही. दाजींनी एक घोट घेतला. "साखर अजून तेवढीच घालते," असं म्हणून ते गेले.

"करू का गं?" दिगंबरने तिला विचारलं होतं.

"कर. डब्यांचा काय दोष?" ती म्हणाली होती.

पहिला डबा हिरवा होता, त्याच्यावर गलबताचं चित्र होतं. पोचा सुटून तळहातावर आला आणि दिगंबरचा हात तिथेच थांबला. ते कोपर होतं. तांबटाला पोचा वाचता येतो. मडकं आपटलंय की मूल पडलंय की भिंत लागलीय, हे त्याला पत्र वाचावं तसं कळतं. ह्या कोपराचं हाड जरा बाहेर आलेलं होतं, अक्का लहानपणी गंगेच्या पायरीवर पडली होती तेव्हापासूनचं. आई गेली तेव्हा दिगंबर चार वर्षांचा होता आणि अक्का अकराची. पुढची सहा वर्षं तो ह्या कोपराची उशी करून झोपला होता. तो ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

दुसरा पोचा म्हणजे गालाचं हाड होतं. तिसरा खांदा. चौथ्यात हाताच्या बोटांची मागची पेरं होती, तोंडावर हात घेतला असताना लागलेली. सातव्यात डोक्याची मागची बाजू होती आणि तिच्यात केसातल्या पिनेची रेघसुद्धा उमटली होती. पोच्याला तारीख नसते, पण वार असतो, आणि जवळचा सण कळतो. आठवा सोमवारचा होता, नागपंचमीनंतरचा. त्या सोमवारी दिगंबरनेच अक्काला स्कूटरवर बसवून कॅम्पात सोडलं होतं. ती माहेरपणाला आली होती आणि निघताना तिचा पाय उंबऱ्यातून निघत नव्हता. "दाजी जरा तापट आहेत, मनाचे वाईट नाहीत," असं शहाणपण त्याने तिला वाटेत शिकवलं होतं.

अक्का कपडे वाळत घालायला ओट्यावर आली. तिने फडक्याकडे पाहिलं. दोरीवर एक परकर टाकला, त्याला चिमटा लावला आणि पुन्हा फडक्याकडे पाहिलं.

"न्हाणीत पाय घसरला म्हणायचीस," दिगंबर म्हणाला.

"म्हणायचे."

"दर वेळी न्हाणीतच?"

"दर वेळी नवी जागा कुठून आणायची, दिगू?"

"आणि मी तुला नेऊन सोडायचो."

"स्कूटर हळू चालवायचास तू," अक्का म्हणाली. "तेवढंच बरं वाटायचं."

ती बादली घेऊन आत गेली. दिगंबर फडक्यासमोर तसाच बसून राहिला. त्याला राग आला, असं म्हणणं म्हणजे पुराला पाणी म्हणणं झालं. पन्नाशी उलटलेला, गल्लीत कुणाशी चढ्या आवाजात न बोललेला माणूस तो, पण त्याला मुरलीधर कर्ड्यांचं वाटोळं झालेलं डोळ्यांनी पाहायचं होतं. हे पोचे ज्याचे त्याला परत द्यायचे होते, एकेक, जोराने, वार सांगून. नदीला ते द्यायचं काही कारण नव्हतं. नदीने काय केलं होतं?

उरलेले बावीस डबे त्याने दोन दिवसांत काढले. सुरकुती एकालाही पडू दिली नाही. डबे नव्यासारखे झाले. अक्काचं सगळं दुखणं त्यांच्यावरून पुसलं गेलं आणि ते पुसणारा हात त्याचाच होता, ह्याने त्याचा संताप आणखी वाढला. पोचे त्याने पितळी डब्यात भरले, झाकण लावलं आणि वर गव्हाचं पोतं ठेवलं.

खंडेनवमीला त्याने ऐरण आणि हातोड्या मांडून झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला, आणि गंगेवर गेला नाही.

दुपारी जेवताना त्याच्या ताटाला मध्यभागी खळगा पडला आणि वरण तिथे जाऊन बसलं. मग अक्काच्या पिठाच्या डब्याची एक बाजू आत गेली. चारच्या सुमाराला स्वयंपाकघराची भिंत आत आली, झोपेत कोणी कूस बदलावी तशी, सावकाश. अक्काने पोळपाट उचलून हातभर अलीकडे घेतला आणि पोळ्या चालू ठेवल्या. दिवेलागणीपर्यंत बारा फुटांची खोली आठ फुटांची झाली होती, आणि छताला पडलेला फुगवटा ट्यूबलाइटला टेकला होता.

"गंगेवर जाऊन ये की," अक्का म्हणाली.

"उद्या कॅम्पात जातोय."

अक्काने तवा उलथन्याने खरवडला. "मग कडेला झोप," ती म्हणाली. "मधली भिंत तुझ्या बाजूने येऊन राहिलीय."

दसऱ्याच्या सकाळी दिगंबरला दारातून निघायला अंग तिरकं करावं लागलं. आधी खोकी सरकवली, मग पितळी डबा, मग पोट आत घेऊन तो स्वतः. चौकट त्याच्या पाठीला आणि छातीला एकाच वेळी लागत होती. अक्का आतून म्हणाली की ती पाठीमागून येईल, सण आहे, साडी नेसायला तरी वेळ दे. तू कशाला येतेस, असं तो म्हणाला. पण तोवर दार एवढं अरुंद झालं होतं की शब्द आत पोचले की नाही, कळलं नाही.

दाजींचं घर म्हणजे एका जुन्या बंगल्याच्या आवारातल्या दोन खोल्या, आणि समोर फरशीचं अंगण. खोल्यांच्या भिंती दिसतच नव्हत्या, सगळीकडे काचेची कपाटं. दिगंबरने तीस डबे एकेक करून आपापल्या जागी ठेवले. दाजींनी प्रत्येकावरून अंगठा फिरवून पाहिलं. कुठेही अडला नाही.

"छान," दाजी म्हणाले. "कळणारसुद्धा नाही कोणाला."

"पोचेही आणलेत," दिगंबर म्हणाला. "तुमचेच आहेत."

"माझे?"

"तुम्हीच पाडलेले. मोजून तीस."

मुरलीधर कर्ड्यांनी आपली वस्तू कधी दुसऱ्याकडे राहू दिली नव्हती. लग्नात आंदण आलेला एक चमचा मांडवात हरवला, तर त्यासाठी त्यांनी पंगत थांबवली होती. त्यांनी पितळी डब्यात डोकावून पाहिलं, एक पोचा उचलला आणि वजन केल्यासारखा हातात उडवला. "माझे असतील तर दे," असं म्हणून त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि ते अंगणात स्टुलावर पाठ करून बसले.

दिगंबरने कोपराचा पोचा त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि हातोडी हाणली. त्या एका ठोक्यात त्याने नऊ वर्षं घातली होती. टण्ण असा आवाज आला. पोचा आक्रसून नखाएवढा झाला आणि जागच्या जागी बसला. दाजी ओरडले नाहीत.

"हे कोपर," दिगंबर म्हणाला.

"असेल."

त्याने गालाचं हाड बसवलं. खांदा बसवला. पेरं बसवली. "हा शुक्रवार," तो म्हणत होता, "हा रविवार, हा पण रविवार." दाजी मधूनच म्हणायचे, "जरा डावीकडे घे," किंवा "तिथे बरं वाटतंय." दिगंबरच्या डोळ्यांत घाम आणि पाणी एक झालं होतं. तो दिसेल तिथे ठोकत होता, निदान त्याला तसं वाटत होतं. पाठ झाली, छाती झाली, दंड झाले. शेवटचा सोमवारचा. तो त्याने दाजींच्या बरोबर काळजावर ठेवला आणि दात-ओठ खाऊन मारला.

मग झालेली नासधूस डोळे भरून बघायला तो चार पावलं मागे सरला.

पोचे ओळीने बसले होते. एकाखाली एक, एकासारखा एक, मध्ये तिळाएवढा फरक नाही. तांबट नवा हंडा घडवला की त्याच्यावर असेच ओळीने ठोके देतो. त्याला मठार म्हणतात. मठाराने पत्रा घट्ट होतो, चकाकतो, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. दिगंबर बाराव्या वर्षापासून मठार शिकला होता, आणि ओळ चुकली की त्याचे वडील त्याला त्या दिवशी जेवू देत नसत. त्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. करायला गेलं गणपती आणि झालं माकड, असं लोकांचं होतं. ह्याचं उलटं झालं होतं. त्याने माकड करायला घेतलं होतं आणि समोर गणपती बसला होता.

दाजी उठले. त्यांची वाकलेली पाठ ताठ झाली होती. बरगड्यांवर लालसर झळाळी आली होती. त्यांनी खोकून पाहिलं तर खोकला अंगात घुमला.

"गुडघ्याचं दुखणं गेलं बघ," दाजी म्हणाले. "तू आधीच का नाही आलास?"

सूड घ्यायलासुद्धा हात थोडा बिघडलेला लागतो, आणि दिगंबरचा हात चांगला होता. एवढा अपमान त्याचा उभ्या जन्मात झाला नव्हता.

म्हांबरे अकराला आले. बुटके, नीटनेटके, गळ्यात कॅमेरा आणि हातात दाखल्याची सुरळी. त्यांनी भिंग लावून एकेक कपाट पाहिलं, मान हलवली, वहीत खुणा केल्या आणि अंगणात आले. दाजी उन्हात उभे होते. म्हांबऱ्यांनी भिंग खिशात ठेवलं.

"हे काम कोणाचं?"

"मेव्हण्याचं," दाजी म्हणाले. "घरचाच माणूस."

म्हांबऱ्यांनी दाजींच्या पाठीवरून बोट फिरवलं. "केवढं एकसारखं आहे. मी असं काम पाहिलेलं नाही." ते दिगंबरकडे वळले आणि चक्क वाकून त्यांनी नमस्कार केला. बंगल्यातली माणसं आली, शेजारची आली. दसरा होता, सगळ्यांच्या हातांत आपट्याची पानं होती. ती पानं त्यांनी सोनं म्हणून दाजींच्या हातांत दिली, "सोन्यासारखे राहा" म्हणाली, आणि जाताना हळूच त्यांच्या दंडावर टिचकी मारून आवाज ऐकला. दाजी सगळ्यांना मारू देत होते. त्यांच्याभोवती गर्दी जमत गेली आणि दिगंबर त्या गर्दीने कुंपणाला दाबला गेला. हातोडी धरलेला हातही त्याला वर उचलता येईना.

तिथे, पाठीला तार टोचत असताना, त्याला आठवलं की आपण एक गोष्ट केलेली नाही. मठार करताना पत्रा मधूनमधून भट्टीत तापवून मऊ करायचा असतो. नाही तर ठोके खाऊन खाऊन तो इतका कडक होतो की पुढे नाजूक जागी नुसतं बोट दाबलं तरी काचेसारखा तडकतो. रागाच्या भरात त्याने दाजींना एकदाही तापवलं नव्हतं. नाजूक जागेसाठी एखादा पोचा उरलाय का बघायला त्याने घाईने पितळी डबा उघडला. डबा रिकामा होता.

"दाखल्यावर सही करण्याआधी एक विचारतो," म्हांबरे म्हणाले. "आतल्या तिसऱ्या कपाटात एक जागा मोकळी कशी?"

"हां, तो," दाजी म्हणाले. आता त्यांना मान वळवता येत नव्हती, म्हणून ते अख्खेच वळले. आत गेले आणि ओट्याखालून एक डबा घेऊन आले. सोनेरी होता, त्याच्यावर घोडेस्वार होता, आणि तो मधोमध चिमटला होता. "हा बाजूला ठेवला होता. कसा वाकला ते मला माहीत नाही. बाकीचे माहीत आहेत. हा मी फेकून मारलेला नाही."

अंगणातल्या माणसांनी हे ऐकलं. एका बाईने द्यायला आणलेली पानं परत पिशवीत टाकली.

"एवढा सरळ झाला की सही करतो," म्हांबरे म्हणाले.

दिगंबर पायरीवर बसला. कोणीतरी कोमट पाणी आणून दिलं. त्याने डब्यात सळई घातली आणि कडेकडेने दाबत गेला. हा पोचा इतरांसारखा नव्हता. तो सुटला तेव्हा त्याचे पाच तुकडे तळहातावर आले, एका बाजूचे चार आणि समोरच्या बाजूचा एक, आणि त्यांना वजनच नव्हतं. त्याने ते उन्हात धरले. चार बोटं आणि एक अंगठा. करंगळी जरा आत वळलेली.

फाटकाशी रिक्षा थांबली आणि अक्का उतरली. तिने हिरवी साडी नेसली होती. साडीला एका बाजूने चुण्या पडल्या होत्या, दारातून बाहेर पडताना पडल्या असाव्यात. तिच्या हातांत आपट्याची पानं होती. माणसं बाजूला झाली.

"अक्का, हा तुझा आहे," दिगंबर म्हणाला.

तिने वाकून पाहिलं. "हो."

"हा कधीचा?"

"गुरुवारचा. मी पोळ्या करत होते. हे मागे उभे राहून बोलत होते, थांबेचनात. ओट्यावर डबा होता. मी उचलला आणि घट्ट धरला. मग ठेवून दिला."

"का ठेवलास?"

"तव्यावरची पोळी करपली असती."

दिगंबर उठला. दाजी फोटोसाठी अंगणाच्या मधोमध उभे होते, सही झालेला दाखला छातीशी धरून. त्यांच्या अंगावर आता कोरी जागा एकच उरली होती, गळा. हंड्याच्या गळ्याला मठार करत नाहीत, म्हणून सवयीने तेवढा सुटला होता. दिगंबरने अंगठ्याचा तुकडा तिथे टेकवला आणि हातोडी हलकेच मारून पाहिली. तुकडा घसरून खाली पडला. त्याने उचलून पुन्हा टेकवला, पुन्हा मारली. पुन्हा पडला. जो पोचा ठोक्याने पडलेला नाही तो ठोक्याने बसत नाही, हे त्याला कळलं, आणि तिथे त्याचं कसब संपलं.

"हातोडी ठेव, दिगू," अक्का म्हणाली. तिने पाचही तुकडे त्याच्याकडून घेतले आणि फुलं वेचून ठेवावीत तसे एकेका बोटाच्या टोकावर ठेवले. ते बरोबर बसले.

"माणिक, आलीस का?" दाजी सरळ समोर बघत म्हणाले. ती त्यांच्या बाजूला होती आणि त्यांना दिसत नव्हती. "बरं झालं. फोटोत ये."

"या वहिनी, जवळ या," म्हांबरे कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाले. "हात ठेवा त्यांच्या खांद्यावर."

अक्काने हात वर नेला.

"खांद्यावर, वहिनी. जरा खाली."

"इथेच ठीक आहे," अक्का म्हणाली. तिने अंगठा लावला. मग तर्जनी, मग मधलं बोट. दाजींच्या अंगातून बारीक आवाज आला, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा. गर्दी एक पाऊल मागे सरकली.

"हलू नका," म्हांबरे म्हणाले.

"मी हलत नाहीये," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज आता घुमत नव्हता.

अक्काने अनामिका लावली. करंगळी तिने तशीच वर धरून ठेवली आणि ती दिगंबरकडे वळली.

"दिगू, सकाळी पोळ्या झाल्यावर मी तवा उतरवला होता ना रे?"

"तू नाही उतरवलास," तो म्हणाला. "मी उतरवला."

"मग बरं," असं म्हणून अक्काने करंगळी टेकवली.